प्राणरक्षणासाठी असत्य : ख्रिस्ती नीतिविचारातील एक दीर्घ वाद

ख्रिस्ती धर्मात सत्य हा अनेक सद्गुणांपैकी एक सद्गुण नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू ख्रिस्त स्वतःलाच सत्य म्हणवतो आणि त्याच शुभवर्तमानात सैतानाला असत्याचा जनक म्हटले आहे. त्यामुळे खोटे बोलणे ही ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने केवळ व्यवहारातली चूक न राहता ईश्वराच्या स्वरूपाशी विसंगत असे वर्तन ठरते. असे असूनही, निरपराध माणसाचा जीव वाचवण्यासाठी त्याच्या मारेकऱ्याशी खोटे बोलावे की बोलू नये, या एका प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांचे सोळाशे वर्षांत एकमत झालेले नाही. हा वाद सत्याची चाड असणारे आणि नसणारे यांच्यातला नाही. दोन्ही बाजूंना संत आहेत, धर्मपंडित आहेत आणि स्वतःच्या मतासाठी तुरुंगात गेलेली माणसेही आहेत.

वादाकडे वळण्यापूर्वी एक व्याख्या स्पष्ट असणे आवश्यक आहे. नकळत चुकीची माहिती देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे आणि दृष्टांतकथा, नाटक किंवा उघड विनोद यांनाही कोणी खोटेपणा म्हणत नाही. स्वतःला जे असत्य वाटते तेच सत्य म्हणून, ऐकणाऱ्याची फसवणूक व्हावी या हेतूने सांगणे, हा खोटेपणाचा परंपरेने मानलेला अर्थ आहे. सत्य दडवून ठेवणे किंवा मौन पाळणे ही या व्याख्येबाहेरची गोष्ट आहे, आणि पुढील साऱ्या चर्चेत या भेदाला फार महत्त्व आहे.

शास्त्रातील दुहेरी साक्ष

दहा आज्ञांपैकी या विषयाशी संबंधित आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. कॅथलिक आणि लुथरन परंपरेत ती आठवी, तर कॅल्विनच्या विचाराने घडलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती नववी मानली जाते. तिची भाषा न्यायसभेची आहे, कारण प्राचीन इस्राएलात साक्षीदाराच्या शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असे आणि खोट्या साक्षीने निरपराध माणूस मारला जाऊ शकत असे. नव्या करारात ही मर्यादा पुष्कळ विस्तारते. डोंगरावरील प्रवचनात येशू शपथेची गरजच नाकारतो आणि माणसाचा साधा होकार वा नकार पुरेसा असावा अशी अपेक्षा करतो. प्रेषितांच्या कृत्यांत, जमीन विकून आलेल्या पैशांविषयी खोटे बोलणारे हनन्या आणि सप्पीरा हे दांपत्य जागीच मरून पडते.

तथापि याच ग्रंथात काही वेगळ्या कथाही आहेत. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा फारो इब्री स्त्रियांना होणारे मुलगे जन्मताच मारून टाकण्याची आज्ञा शिप्रा आणि पुवा या सुइणींना देतो. त्या ती पाळत नाहीत आणि जाब विचारला गेल्यावर, इब्री स्त्रिया सुईण पोहोचण्यापूर्वीच बाळंत होतात असे उत्तर देतात. त्यानंतर देवाने या सुइणींचे कल्याण केले असे शास्त्र नोंदवते. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातील राहाब ही वेश्या दोन इस्राएली हेरांना घराच्या धाब्यावर अंबाडीच्या काड्यांखाली लपवते आणि राजाच्या माणसांना, ते कधीच निघून गेले, असे सांगून भलतीकडे पाठवते. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेले पत्र तिच्या विश्वासाची आणि याकोबाचे पत्र तिच्या कृतीची प्रशंसा करते, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत राहाबचे नाव येते. शास्त्र या स्त्रियांचा गौरव करते हे निर्विवाद आहे. वाद आहे तो त्यांच्या धैर्याबरोबर त्यांच्या खोट्या शब्दांचाही गौरव झाला की नाही, यावर.

ऑगस्टिन यांचा निर्बंध

पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर संत ऑगस्टिन (इ. स. 354–430) यांनी दिले. आजच्या अल्जीरियात असलेल्या हिप्पो नगराच्या या बिशपांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक 395च्या सुमारास आणि दुसरा 420च्या सुमारास. पहिल्यात त्यांनी असत्याचे आठ प्रकार लावून दाखवले आहेत. त्यांत धर्माच्या शिकवणुकीतले असत्य सर्वांत घोर, तर कोणाचेही नुकसान न करता एखाद्याला शरीराच्या विटंबनेपासून वाचवणारे असत्य सर्वांत सौम्य मानले आहे, परंतु आठांपैकी एकही प्रकार निष्पाप ठरवलेला नाही. दुसरा ग्रंथ एका व्यावहारिक प्रश्नातून जन्मला. स्पेनमधील प्रिसिलियन पंथाचे लोक आपली मते लपवण्यासाठी खोटे बोलत असत, म्हणून त्यांना उघडे पाडण्यासाठी कॅथलिकांनी आपणही त्याच पंथाचे आहोत असे भासवावे काय, असा तो प्रश्न होता. सत्याच्या रक्षणासाठी असत्य वापरणारा माणूस ज्याचे रक्षण करायचे तेच गमावून बसतो, या भूमिकेतून ऑगस्टिन यांनी त्याला ठाम नकार दिला.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आत्मा आणि देह यांच्या क्रमवारीत आहे. दुसऱ्याचा देह वाचवण्यासाठी स्वतःच्या आत्म्याला पाप लावून घेणे म्हणजे नश्वर गोष्टीसाठी शाश्वत गोष्टीचा सौदा करणे होय, असे ते मानतात. सुइणींना आणि राहाबला देवाने जे फळ दिले ते त्यांच्या दयेचे होते, फसवणुकीचे नव्हे, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ही भूमिका माणसाला हतबल करते हा आक्षेप त्यांना ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी स्वतःच्या जन्मगावाचे, थागास्ते येथील, पूर्वीचे बिशप फर्मस यांची हकीकत दिली आहे. फर्मस यांनी आश्रयाला आलेल्या एका माणसाला लपवले होते, आणि सम्राटाचे अधिकारी त्याच्या शोधात आले तेव्हा आपण खोटेही बोलणार नाही आणि त्या माणसाचा ठावही सांगणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा छळ झाला, पण ते बधले नाहीत. शेवटी सम्राटालाच त्यांच्या निर्धाराचे कौतुक वाटले आणि लपलेल्या माणसाला क्षमा मिळाली. ऑगस्टिन यांच्या मते खोटे बोलणे आणि विश्वासघात करणे यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग असतो, आणि तो स्वतः सोसण्याचा आहे.

पूर्वेकडील वेगळा सूर

ऑगस्टिन यांच्याच काळात ग्रीक भाषिक ख्रिस्ती परंपरेत मात्र निराळे मत प्रचलित होते. पुढे कॉन्स्टँटिनोपलचे आर्चबिशप झालेले संत जॉन क्रिसोस्टोम यांनी धर्मगुरुपदावरील आपल्या ग्रंथात हितकारक फसवणुकीचे उघड समर्थन केले आहे. त्या ग्रंथातील हकीकतीप्रमाणे, दोघे मिळून धर्मगुरुपद स्वीकारू किंवा दोघेही नाकारू, असे त्यांचा मित्र बेसिल समजत होता. पण क्रिसोस्टोम ऐन वेळी लपून बसले आणि बेसिल एकटाच अभिषिक्त झाला. बेसिल रागावला तेव्हा, सेनापती आणि वैद्य यांनाही लोकांच्या हितासाठी कधी कधी फसवणूक करावी लागते, असा दाखला त्यांनी दिला. इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांची शिकवण लॅटिन जगात आणणारे जॉन कॅसियन यांनी असत्याची तुलना हेलेबोर या विषारी वनस्पतीशी केली. जिवावरच्या आजारात ती औषध ठरते, निरोगी माणसाला दिली तर तीच प्राण घेते. कॅसियन यांच्या या उपमेत दोन्ही अर्धे सारखेच महत्त्वाचे आहेत. असत्य निर्दोष आहे असे ते म्हणत नाहीत. ज्याला ते घ्यावे लागते त्याने ते विष आहे हे जाणूनच घ्यावे, असे त्यांचे सांगणे आहे.

अक्वायनस आणि मनात राखलेली पुस्ती

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस (1225–1274) यांनी ऑगस्टिन यांचा निष्कर्ष कायम ठेवला, पण त्याला नवा पाया आणि काहीशी मवाळ श्रेणी दिली. मनातला विचार प्रकट करणे हे वाणीचे निसर्गसिद्ध प्रयोजन असल्यामुळे मनाविरुद्ध बोलणे हे त्या प्रयोजनाच्याच विरुद्ध जाते, म्हणून प्रत्येक असत्य पाप आहे, असे ते म्हणतात. मात्र कोणाच्या तरी उपयोगासाठी बोललेले, गमतीसाठी बोललेले आणि अपाय करण्यासाठी बोललेले असे असत्याचे तीन वर्ग करून पहिल्या दोहोंना ते सामान्यतः क्षम्य पाप, म्हणजे ईश्वराशी असलेले नाते न तोडणारा दोष, मानतात. शिवाय खोटे न बोलता सत्य चतुराईने झाकून ठेवण्यास त्यांची संमती आहे.

झाकून ठेवण्याची ही मुभा किती ताणता येते, हे पुढच्या काही शतकांत दिसले. स्पेनमधील विख्यात धर्मकायदेपंडित मार्टिन दे आथ्पिलकुएता हे, जुन्या गोव्यात ज्यांचा देह जतन केलेला आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले होते. वाक्याचा एक भाग उच्चारावा, उरलेला मनात ठेवावा आणि दोन्ही मिळून जे होते ते देवासमोर सत्य असावे, या तत्त्वाची मांडणी त्यांनी केली. या तत्त्वाला मेंटल रिझर्व्हेशन म्हणतात आणि त्याचे वर्णन मनात राखलेली पुस्ती असे करता येईल. ज्यांनी महाभारत वाचले आहे त्यांना अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना दिलेले उत्तर येथे आठवल्यावाचून राहणार नाही.

इंग्लंडमध्ये या तत्त्वाला जीवनमरणाचे महत्त्व आले. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूंना देशात वावरणेही देहदंडाचे कारण होते, आणि शिपाई दारात येऊन घरात कोणी धर्मगुरू आहे काय असे विचारत, तेव्हा घरच्यांनी काय उत्तर द्यावे हा रोजचा प्रश्न होता. ‘क्रिस्तपुराण’कार म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले आणि 1579 मध्ये गोव्यात आलेले थॉमस स्टीफन्स हे याच पिढीतले इंग्लिश जेझुइट, म्हणजे येशूसंघी धर्मगुरू, होते. त्या पिढीतले जे मायदेशी राहिले किंवा परतले, त्यांच्यापैकी रॉबर्ट साउथवेल यांच्यावरील 1595च्या खटल्यात आणि 1606 मध्ये फाशी गेलेले हेन्री गार्नेट यांच्या खटल्यात द्व्यर्थी बोलण्याचा हा प्रश्न थेट न्यायालयात उभा राहिला. छळाच्या छायेत जन्मलेली ही युक्ती हळूहळू सुखवस्तू लोकांच्या सोयीची झाली. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल यांनी 1656–57 मधील पत्रमालेत तिच्यावर घणाघाती टीका केली आणि 1679 मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी तिचे टोकाचे रूप निषिद्ध ठरवले. ऐकणाऱ्याला परिस्थितीवरून खरा अर्थ उमगू शकेल अशी संदिग्धता तेवढी मान्य राहिली. पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीविषयी विचारले असता धर्मगुरूने, आपल्याला काही ठाऊक नाही, असे म्हणणे हे तिचे नेहमीचे उदाहरण आहे, कारण त्या ज्ञानावर कायमची मोहर आहे हे विचारणाऱ्यालाही माहीत असते.

सत्यावर हक्क कोणाचा?

प्रोटेस्टंट परंपराही एका मताची नव्हती. दुसऱ्याच्या हितासाठी बोललेल्या असत्याकडे मार्टिन लूथर बऱ्याच सौम्यपणे पाहत. याउलट जॉन कॅल्विन यांनी राहाबचे कृत्य स्तुत्य मानूनही तिचे खोटे बोलणे दोषास्पदच ठरवले. या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वेगळी वाट डच कायदेपंडित आणि धर्मचिंतक ह्यूगो ग्रोशियस यांनी युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरील 1625च्या ग्रंथात दाखवली. असत्यातला अन्याय हा ऐकणाऱ्याच्या हक्काचा भंग असतो, असे ते म्हणाले. खून करायला निघालेल्या माणसाला आपल्या सावजाचा पत्ता जाणून घेण्याचा हक्कच नसतो, त्यामुळे त्याची दिशाभूल करण्यात त्याच्यावर अन्याय होत नाही. पाएटिस्ट, म्हणजे वैयक्तिक भक्तीवर भर देणाऱ्या, लुथरन घरात वाढलेले तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1797 मध्ये नेमक्या याच विचाराला विरोध केला. सत्य बोलणे हे एखाद्या व्यक्तीचे नव्हे, तर साऱ्या मानवजातीचे देणे आहे, त्यामुळे मारेकऱ्याशीही खोटे बोलता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. तोवर बहुतांशी अभ्यासिकेतला असलेला दारातल्या मारेकऱ्याचा हा दृष्टांत दीडशे वर्षांच्या आत युरोपातल्या असंख्य घरांच्या दारात प्रत्यक्ष उभा राहिला.

दारातला मारेकरी प्रत्यक्ष आला तेव्हा

नेदरलँड्समधील हार्लेम शहरात घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या टेन बूम कुटुंबाने नाझी राजवटीत ज्यूंना घरात लपवले. कोरी टेन बूम यांनी खोट्या भिंतीमागे गुप्त जागा करून घेतली, बनावट शिधापत्रिका मिळवल्या आणि चौकशीत बेधडक खोटे बोलण्याचा सराव केला. त्यांची सख्खी बहीण नोली हिने मात्र कोणत्याही परिस्थितीत खोटे बोलायचे नाही असा नियम पाळला आणि घरातली तरुणी ज्यू आहे काय असे विचारले गेले तेव्हा होय असे उत्तर दिले. नोली आणि ती तरुणी दोघी पकडल्या गेल्या. ती तरुणी नंतर सुटली, तर कोरी यांच्या घरावर 28 फेब्रुवारी 1944 रोजी धाड पडली तेव्हा खोट्या भिंतीमागचे सहा जण घरच्यांपैकी कोणी मारहाण होऊनही दाखवून न दिल्याने बचावले. वृद्ध वडील कॅस्पर तुरुंगात दहा दिवसांत वारले आणि दुसरी बहीण बेट्सी रावेन्सब्रुक छळछावणीत मरण पावली. एकाच घरात, एकाच बायबलवर वाढलेल्या दोन बहिणींनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आणि दोघींनीही त्यांची किंमत स्वतः चुकवली.

फ्रान्समधील ल शाँबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गावात पास्टर आंद्रे त्रोक्मे यांच्या प्रेरणेने साऱ्या पंचक्रोशीने ज्यूंना आसरा दिला. अधिकाऱ्यांनी 1942 मध्ये ज्यूंची यादी मागितली तेव्हा त्रोक्मे यांनी ती देण्यास उघड नकार दिला. पुढच्या वर्षी ते अटकेत असताना मार्शल पेतँ यांच्या सरकारच्या आज्ञा पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली तर सुटका होईल, असे सांगितले गेले. मनात नसलेली प्रतिज्ञा ते आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी नाकारली, तरी त्यांना सोडण्यात आले. आश्रितांसाठी गावात बनावट ओळखपत्रे तयार होत होती, भूमिगत झाल्यावर त्रोक्मे यांच्या स्वतःच्या खिशातही तसेच एक होते, आणि तरीही ल्यों येथील रेल्वे स्थानकावर ते जर्मन पोलिसांच्या हाती सापडले तेव्हा, विचारले तर खोटे नाव सांगायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले. सुदैवाने चौकशीपूर्वीच ते निसटले. त्यांच्या या द्विधेत विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु दुसऱ्यांच्या रक्षणासाठी जे चालवून घेतले ते स्वतःच्या सुटकेसाठी वापरायचे नाही, असा एक स्पष्ट भेदही तिच्यात दिसतो.

जर्मनीत डीट्रिख बोनहोफर या लुथरन धर्मपंडिताने याच प्रश्नावर तुरुंगात निबंध लिहायला घेतला. हिटलरविरोधी कटात सामील असलेले बोनहोफर एप्रिल 1943 मध्ये पकडले गेले आणि साथीदारांना वाचवण्यासाठी चौकशी अधिकाऱ्यांची पद्धतशीर दिशाभूल करत राहिले. अपुऱ्या राहिलेल्या त्या निबंधात एक उदाहरण आहे. तुझे वडील रोज दारू पिऊन घरी येतात काय, असे शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात आणि ते खरे असूनही मुलगा नाही म्हणतो. बोनहोफर यांच्या मते घराच्या आतल्या गोष्टीत शिरण्याचा अधिकार शिक्षकाला नव्हता, आणि कुटुंबाची राखण करणाऱ्या त्या नकारात अधिक सत्य आहे. असे असूनही त्यांनी स्वतःला निर्दोष ठरवले नाही. नीतिशास्त्रावरील लेखनात त्यांनी म्हटले आहे की जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला कधी कधी दोष पत्करावा लागतो आणि तेव्हा त्याने समर्थन न करता ईश्वराच्या दयेवर विसंबावे. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

आजची स्थिती आणि एक कसोटी

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिकाही या वादाच्या खुणा वागवते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात, सत्य जाणून घेण्याचा हक्क असलेल्या माणसाची फसवणूक म्हणजे असत्य, अशी ग्रोशियस यांच्या विचाराजवळ जाणारी व्याख्या होती. 1997 मधील अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काचा उल्लेख वगळण्यात आला आणि ऑगस्टिन यांची व्यापक व्याख्या परत आली. ज्याला जाणून घेण्याचा हक्क नाही त्याला सत्य सांगण्यास कोणीही बांधलेला नाही, हे विधान मात्र त्याच ग्रंथात कायम आहे. म्हणजे मारेकऱ्याला पत्ता सांगावा असे कोणताही पक्ष म्हणत नाही. मतभेद आहे तो नकारासाठी कोणते साधन वापरावे एवढ्यापुरता.

तरीही ऑगस्टिन यांची भीती निराधार नव्हती, हे आयर्लंडमधील एका प्रकरणाने दाखवून दिले. डब्लिनच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांतात, धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी करणारा मर्फी अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आर्चडायोसिसचा पैसा नुकसानभरपाईसाठी ‘वापरला जात नाही’ असे आपण पत्रकारांना म्हटले होते, ‘वापरला गेला नाही’ असे म्हटले नव्हते, असे माजी आर्चबिशप कार्डिनल डेसमंड कॉनेल यांनी एका पीडिताला समजावल्याचे त्यात नमूद आहे. छळाने गांजलेल्यांसाठी घडवलेली मनातल्या पुस्तीची युक्ती येथे एका बलाढ्य संस्थेने, स्वतःच्याच माणसांकडून दुखावलेल्या मुलांविरुद्ध वापरली.

या दोन टोकांच्या उदाहरणांतून एक कसोटी निघते, आणि ती कठोर तसेच उदार दोन्ही परंपरांना न्याय देणारी आहे. असत्याने कोण वाचतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आधी पाहिले पाहिजे. सुइणींनी, राहाबने, कोरी टेन बूम यांनी आणि बोनहोफर यांनी दुर्बलाला वाचवण्यासाठी सबळाची दिशाभूल केली आणि त्यातला सारा धोका स्वतःच्या अंगावर घेतला. डब्लिनमध्ये सबळाने स्वतःला वाचवले आणि किंमत दुर्बलांनी मोजली. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा मुळात शेजाऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी दिलेली आहे, म्हणून त्याच शेजाऱ्याला मारेकऱ्याच्या हाती देण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही. परंतु त्या आज्ञेला अपवाद करण्याची मुभा स्वतःच्या लाभासाठी, नावलौकिकासाठी किंवा संस्थेच्या प्रतिष्ठेसाठी कोणालाही नाही. आणि ज्याला अपवाद करावा लागतो त्याने तो आपला हक्क न मानता, ज्याचा जाब ईश्वरासमोर द्यावा लागेल असे ओझे मानले पाहिजे.

प्रत्येक माणसाला स्वतःचे असत्य परोपकारी वाटते, म्हणूनच फर्मस आणि नोली यांच्यासारखी निरपवाद सत्य पाळणारी माणसे समाजाला आवश्यक आहेत. ती नसती तर अपवादाचा नियम व्हायला वेळ लागला नसता. ज्याचा होकार आणि नकार एरवी पूर्ण विश्वासार्ह आहे, अशाच माणसाला निरपराधाचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोलण्याचा नैतिक आधार उरतो, आणि तोही धोका स्वतः पत्करण्याची तयारी असेल तेव्हाच.